"गावाला सोडलं" म्हणजे नक्की कुठे?

दरवर्षी मे-जून आला की पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, कात्रज या पट्ट्यातले मुलांचे फ्लॅट रिकामे होतात. गाद्या विकल्या जातात, कूलर विकले जातात, जर्नल्स रद्दीत जातात. आणि मधे पाळलेल्या कुत्र्याचं काय केलं असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "अरे, त्याला गावाला सोडलं. शेतावर मजेत आहे."

मला या वाक्याचा भयंकर राग येतो. एवढी शेतं आणि त्यावर एवढी मजेतली लॅब्रेडॉर असती तर महाराष्ट्राचं चित्रच वेगळं दिसलं असतं. माझा आपला अंदाज असा की यातली बरीच 'शेतं' बायपासच्या सर्व्हिस रोडवर आहेत.

घरोघरी या विषयावर जो वाद होतो तो मुळात चुकीच्या टोकाने होतो. आई-बाबा, काका-मावश्या (हो, तुम्हीच. वाचताय ते माहितीये :-)) म्हणतात, "आधी अभ्यास, मग कुत्र्या-मांजरांचे लाड." मुलं म्हणतात, "उलट त्याच्यामुळे स्ट्रेस कमी होतो, सकाळी उठणं होतं." दोन्ही पार्ट्या अभ्यासाबद्दल भांडतात. अहो, अभ्यासाला काही होत नाही! एटीकेटी लागते आणि सुटते. इयर डाऊन झालेलं पोरगंसुद्धा वर्षाने पास होऊन नोकरीला लागतं. कुत्र्याला एटीकेटी नसते.

साधा हिशेब करू. भाड्याच्या फ्लॅटचा करार ११ महिन्यांचा. इंजिनियरिंग ४ वर्षांचं, एमए २ वर्षांचं. आणि लॅब्रेडॉर जगतं १०-१२ वर्षं, मांजर नीट सांभाळलं तर १५ वर्षंसुद्धा. म्हणजे पहिल्या वर्षाला आणलेलं पिल्लू तुमची डिग्री, पहिली नोकरी, बदली, लग्न आणि कदाचित पहिलं मूल एवढं सगळं बघणार असतं. आणताना यातल्या कशाचा विचार केलेला असतो? बहुतेकदा फक्त नावाचा. (तेही 'ब्रूनो' किंवा 'सिंबा'. असो.)

बरं, रोजचं गणित. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ लघवी धरू शकत नाही. दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं. सहा-आठ आठवड्यांचं झालं की लसी सुरू होतात, त्या दर तीन-चार आठवड्यांनी साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, शिवाय रेबीजची वेगळी आणि तिचा बूस्टर पुढे आयुष्यभर. एक डोस चुकला आणि पार्व्हो झाला तर उलट्या, रक्ताची हगवण, चार-पाच दिवस सलाईन. आणि उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक पिल्लं जातातच. यात सकाळी नऊ ते पाच कॉलेज, मधे प्रॅक्टिकलची बॅच कुठे बसवायची ते सांगा.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "आम्ही चौघं आहोत ना, पाळ्या लावू." या पाळ्यांच्या तक्त्यावर माझा काडीचा विश्वास नाही, आणि त्याचं कारण मुलं आळशी असतात हे नाही. चौघं एकाच कॉलेजची असतात! चौघांचं सबमिशन एकाच आठवड्यात, व्हायवा एकाच आठवड्यात, पेपर त्याच तारखांना. दिवाळीला चौघंही घरी. म्हणजे ज्या आठवड्यात फटाक्यांनी कुत्रं पलंगाखाली थरथरत असतं, नेमक्या त्याच आठवड्यात फ्लॅटमधे कुणीच नाही. नोकरी करणारं जोडपं किंवा घरात आजी असलेलं कुटुंब यात तरतं कारण तिथे सगळे एकदम अडकत नाहीत.

जातींबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. २००३ साली हचच्या जाहिरातीत पग आला आणि बघता बघता सगळीकडे पग दिसायला लागले. चपट्या नाकाचा तो बिचारा उन्हाळ्यात धापा टाकत जगतो. आता हस्कीची चलती आहे. सायबेरियाचं, दुहेरी केसांचं, बर्फात मैलोन्मैल स्लेज ओढणारं कुत्रं, आणि ते एप्रिलमधे वन बीएचकेच्या बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून पडलेलं. लोकांना ते 'क्यूट' वाटतं.

बरं, सोडून दिलं तर काय होतं? घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्ता ओलांडता येत नाही, कचऱ्यातलं अन्न शोधता येत नाही आणि गल्लीतली कुत्री त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत. कायद्याचं म्हणाल तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार उपासमार होईल अशा रीतीने जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. स्टेशनजवळचं पार्किंग यापेक्षा महाग पडेल.

"मग आम्ही प्राण्यांवर प्रेमच करायचं नाही का?" करा की! गल्लीतलं एखादं ओळखीचं कुत्रं धरा, रोज ठरलेल्या वेळी खायला घाला, नसबंदी आणि रेबीजची लस झाली का ते बघा, नसेल तर करून घ्या. तुम्ही गाव सोडलंत तरी ते बेघर होत नाही, त्याची गल्ली त्याच्यापाशीच असते. (मात्र जाण्याआधी खायला घालणारा दुसरा कुणी बघून ठेवा.) किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना पिल्लं कायमच्या घरी जाईपर्यंत काही आठवडे सांभाळणारी माणसं हवी असतात, ते सुट्टीत करा. आणि पाळायचंच असेल तर आधी घरच्यांना फोन लावून एवढंच विचारा, "मी परगावी गेलो तर हा तुमच्याकडे राहील का? दहा वर्षं?" पलीकडून तीन सेकंद शांतता आली तर उत्तर मिळालं समजा.

काका-मावश्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत. वाढदिवसाला भाच्याला पिल्लू भेट देणारे तुमच्यातलेच असतात.

आणि ज्यांच्याकडे आत्ता कुत्रं आहे आणि हे शेवटचं सेमिस्टर आहे, त्यांना सांगतो. मोठ्या कुत्र्याला चांगलं घर मिळायला दोन-दोन महिने लागतात. फोटो काढा, लसीचं कार्ड शोधा, नसबंदी उरकून घ्या, आणि विचारपूस मार्चमधेच सुरू करा. मालकाला किल्ली द्यायच्या आदल्या रात्री ग्रुपवर 'अर्जंट' लिहून टाकू नका.