आडवे शब्द, उभ्या ओळी

सकाळी पेपर आला की आमच्याकडे आधी शब्दकोड्याचं पान गायब होतं. मैत्रिणींनो, तुमच्या घरीही हीच गत असणार! कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता 'आडवे शब्द' भरायचे, 'उभ्या'त अडलं की उद्याच्या पेपरची वाट बघायची. न्यूयॉर्कच्या एका पेपरात आर्थर विन यांनी डिसेंबर १९१३ मध्ये पहिलं कोडं छापलं, ते आपल्या ओट्यापर्यंत येऊन पोचलं. आपल्याकडे बक्षिसाच्या कोड्यांचा नाद तर इतका वाढला, की १९५५ मध्ये केंद्राला त्यासाठी कायदा करावा लागला.

आमच्या बचत गटाच्या कोड्याला बक्षीस नाही. हप्ते गोळा होईस्तोवर नुसतं बसून काय करायचं, म्हणून कालच्या कोड्यातली चार उत्तरं घ्यायची नि चार ओळी जुळवायच्या, एवढाच खेळ. एकदा आले जावई, पगार, कारलं, चाळण. एकीनं तिथल्या तिथं ठोकून दिलं:

जावई दारी, पगार संपला,
कारल्याची भाजी कशी वाढू?
चाळणीत पाणी धरतेय सासू,
सांगा कुठून आणू लाडू?

हसण्याच्या नादात हिशेब दोनदा चुकला!

'आम्हाला कुठं कविता येते' म्हणणाऱ्यांना मी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण देते. घरीच लिहाय-वाचायला शिकलेल्या, आपल्या नगर-राहुरीत राहिलेल्या या बाईंनी रेव्हरंड टिळकांच्या मागं त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' पूर्ण केलं. आपल्याला तर चारच ओळी करायच्यात.

पण मला हा खेळ आवडतो तो वेगळ्याच कारणानं. उखाणा घ्यायला नवऱ्याचं नाव लागतं. हळदीकुंकवात उखाण्याची वेळ आली की विधवा बाई आत चहा ठेवायला उठते, नाहीतर तिला बोलावलेलंच नसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, सरकारनंही लगेच परिपत्रक काढलं. पण ठरावानं बाई गोलात येऊन बसत नाही हो, तिला तिथं काहीतरी बोलायला मिळावं लागतं. कोड्याच्या ओळीला कुणाचंच नाव लागत नाही.

आमच्या गटातल्या एक मावशी वर्षभर नुसत्या ऐकत होत्या. त्या दिवशी शब्द होते किल्ली, दुपार, अंगण, कुलूप. त्या हळूच म्हणाल्या, "मी सांगू का?"

किल्ली हरवली, दुपार टळली,
वारा म्हणतो, चल अंगणात;
कुलूप लागलंय दाराला बाई,
मी थोडीच आहे बंधनात!

क्षणभर कुणी हसलंच नाही. मग आधी त्याच हसल्या.

येत्या संक्रांतीला वाणाच्या ताटाशेजारी कालच्या कोड्याचं कात्रण ठेवून बघा. आणि बोलावताना कुणाला वगळू नका. शब्द मात्र चारच घ्या. सहा घेतले की आमच्याकडे भांडणं होतात.