गैरहजेरीची दखल

दिवाळीच्या सुमारास कापसाच्या वेचणीला जोर येतो आणि मानवत, पाथरी, सेलू या पट्ट्यातल्या महाविद्यालयांचे वर्ग विरळ होऊ लागतात. हजेरीपटात मात्र सगळ्यांपुढे एकच खूण पडते. वेचणीला गेलेला, एसटीचा पास संपला म्हणून घरी राहिलेला, इंग्रजी टिपणांच्या धास्तीने तास चुकवणारा आणि आठवडाभर खोलीबाहेरच न पडलेला, हे चौघेही त्या रकान्यात सारखेच दिसतात. वर्षाअखेरीस ७५ टक्क्यांचा हिशेब करताना आपण हा रकाना उघडतो, तोवर विचारपूस करण्याची वेळ टळून गेलेली असते. विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याची चर्चा समुपदेशन कक्षापासून सुरू होते. ती या रकान्यापासून सुरू व्हावी, असे आमचे म्हणणे आहे.

प्रश्नाच्या गांभीर्याबद्दल दुमत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले. ते स्वागतार्हच आहेत. पण मन खचलेला विद्यार्थी आपणहून त्या कक्षाची पायरी चढेल, हे गृहीत धरता येत नाही. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलाला मुळात आपण इथले आहोत, असेच वाटत नसते. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील एका विद्यापीठातल्या अभ्यासात, सुरुवातीचे परकेपण सगळ्यांनाच जाणवते आणि ते ओसरते, एवढेच नवागतांना पटवून देणारा साधारण तासाभराचा उपक्रम घेतला होता. त्यातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षे सुधारलेले आढळले. ते विद्यापीठ आणि आपला तालुका यांत अंतर आहे, तरी आपलेपणाचा अभ्यासाशी संबंध असतो, हे नाकारता येत नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट त्याआधीच उमगली होती. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढले. शिकण्यासाठी आधी राहायला जागा, जेवण आणि सोबत लागते, हे त्यांनी जाणले होते. आज तालुक्याच्या महाविद्यालयात बहुतेक मुले जाऊन-येऊन शिकतात. दोन गाड्यांच्या मधे जेवढा वेळ उरतो, तेवढेच त्यांचे महाविद्यालय. स्पर्धा आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी दुपारनंतर ठेवल्या की खेड्यावरची मुले, विशेषतः मुली, आपोआप बाहेर पडतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर हा सन्माननीय अपवाद. एकत्र स्वयंपाक, श्रमदान आणि रात्रीच्या गप्पांमधून तिथे प्राध्यापकाला विद्यार्थ्याचे नाव, गाव आणि घरची परिस्थिती कळते. पण त्याचा लाभ मोजक्याच स्वयंसेवकांना मिळतो. उरलेल्यांसाठी मार्गदर्शक-विद्यार्थी गट आहेत. मात्र त्यांची नोंदवही अनेक ठिकाणी नॅकची समिती येण्याआधी एका बैठकीत, एकाच पेनाने भरली जाते. हे गट वेळापत्रकात आणावेत. आठवड्यातला एक तास, तोही सकाळच्या सत्रात, त्यासाठी राखावा आणि सलग तीन दिवस न आलेल्या विद्यार्थ्याची आठवड्याच्या आत चौकशी व्हावी.

यावर पहिला आक्षेप असा की प्राध्यापक म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. मान्य. त्याने उपचार करायचेच नाहीत. बदल हेरावा, ऐकून घ्यावे आणि गरज दिसली तर समुपदेशकाकडे, जिल्हा रुग्णालयाकडे किंवा टेलिमानस हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकाकडे वाट दाखवावी. दुसरा आक्षेप कामाच्या बोजाचा आहे आणि तो अधिक खरा आहे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला शिकवलेल्या तासाचेच मानधन मिळते. त्याच्याकडून फुकट आपुलकीची अपेक्षा करणे अन्याय्य ठरेल. म्हणूनच हा तास कार्यभारात मोजला जावा आणि त्याचेही मानधन मिळावे, ही मागणी प्राध्यापक संघटनांनी लावून धरावी. तिसरा आक्षेप, सज्ञान मुलांच्या खासगी आयुष्यात नाक खुपसण्याचा. तो टाळण्याचा मार्ग साधा आहे: पहिली विचारणा विद्यार्थ्यालाच करावी, घरी नव्हे. ‘तुमची मुलगी कॉलेजात येत नाही’ असा एक फोन एखाद्या घरात तिचे शिक्षण थांबवून लग्नाची बोलणी सुरू करायला पुरेसा ठरू शकतो. जिवाला धोका दिसत असेल तेव्हा मात्र एकट्याने निर्णय न घेता समुपदेशकाला आणि विश्वासातल्या नातेवाइकाला तातडीने सोबत घ्यावे.

वेचणीला गेलेल्या मुलाला समुपदेशनाची नव्हे, परीक्षा अर्जाची तारीख आणि बुडालेल्या तासांची भरपाई हवी असते. खोलीत कोंडून घेतलेल्याची गरज निराळी. हा फरक विचारल्याखेरीज कळत नाही. समुपदेशकाच्या नेमणुकीला मंजुरी आणि निधी लागेल. वेळापत्रकातला तास हलवायला प्राचार्यांची सही पुरते. पुढच्या सत्राचे वेळापत्रक लावतानाच ती व्हावी.