पेटी उघडी की कुलपाची?

मैत्रिणींनो, वाचून झालेली पुस्तकं रद्दीत द्यायला हात धजत नाही आणि घरात ठेवायला जागा नसते, ही आपल्या सगळ्यांचीच अडचण. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या दोन खोल्यांच्या संसारात कपाटं वाढवणार तरी किती? मग कुणीतरी उत्साही बाई पुढाकार घेते. जिन्याखाली एक जुनं कपाट येतं, त्याला रंग लागतो, घराघरांतून पुस्तकं गोळा होतात, नारळ फुटतो. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. आणि चार महिन्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतो, "ती पेटी काढून टाका बघू. चांगली पुस्तकं लोकांनी पळवली, आता नुसता कचरा उरलाय."

जिनं एवढा खटाटोप केला तिला काय वाटत असेल! त्यातून घरचेही ऐकवतात, "सांगितलेत कुणी नसते उद्योग?" म्हणून आज या पेटीचाच विचार करू या.

अशी पेटी बंद पडते ती शेजारीपाजारी वाईट असतात म्हणून नव्हे. पुस्तकपेटीचे मुळात दोन प्रकार आहेत. एक कुलपाची आणि एक उघडी. दोघींचा हिशेब अगदी वेगळा. आपण पेटी ठेवतो उघडी आणि हिशेब मागतो कुलपाचा. तिथेच सगळं बिनसतं.

वाचनालय असताना पेटी कशाला?

असं कुणी विचारील, आणि ते खरंही आहे. आपल्या भागाची या बाबतीतली पुण्याई मोठी. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झालं, आणि 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी. अशा ठिकाणी वर्गणी, अनामत, शिक्का, दंड हे सगळं हवंच. आजोबांनी वाचलेलं पुस्तक नातीलाही मिळावं, हे त्यांचं काम, आणि ते कडक शिस्तीशिवाय होत नाही.

पण वाचनालयापर्यंत पोचतं कोण? सकाळी सातची लोकल पकडून रात्री आठला घरी येणारीला वाचनालयाची वेळ जमत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आजी महिना महिना खाली उतरत नाहीत. कडेवर तान्हं मूल असलेल्या सूनबाईला "वाचनालयात जाऊन येते" म्हणायचाच संकोच वाटतो. पेटी आहे ती यांच्यासाठी. भाजी घेऊन येता येता, पायरीवर क्षणभर थांबून, कुणाला न विचारता पुस्तक उचलता यावं, एवढाच तिचा उपयोग. पण तो लहान समजू नका.

कुलपाची पेटी

ही कल्पना जुनीच आहे. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांची घडी बसवली. त्यातच फिरत्या ग्रंथालयांची सोय होती. पुस्तकं भरलेल्या पेट्या गावोगाव जात आणि वाचून झाल्या की परत येत. आपल्याकडे २००९ साली नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. विनायक रानडे यांनी ती उभी केली आणि वाढवली. पुस्तकांची पेटी ओळखीच्या वाचकांच्या एका गटाकडे द्यायची, काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाला द्यायची आणि त्यांची आपण घ्यायची. या पेट्या पुढे दुबईतल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या.

यातली खुबी ध्यानात घ्या. माणसं ओळखीची आणि पेटी सतत हलती. आपणही तसंच करावं. दहाबारा घरांना पंचवीस पुस्तकं पुष्कळ झाली. किल्ली एकीकडेच नको, दोघींकडे ठेवा, म्हणजे एक माहेरी गेली तरी पेटी अडत नाही. उघडण्याची वेळ ठरलेली असावी. नोकरी करणाऱ्यांना जमेल अशी, म्हणजे रविवारी सकाळी दहा ते अकरा. पुस्तकाची मुदत दोन आठवडे.

दंड मात्र ठेवू नका. दोन रुपयांसाठी कुणी घाबरत नाही, पण ज्या बाईला उशीर झाला ती लाजेनं पेटीकडे फिरकेनाशी होते आणि पुस्तक तिच्याकडेच राहतं. त्यापेक्षा जिन्यात भेटल्यावर, "वहिनी, ते पुस्तक झालं का हो? खालच्या काकू वाट बघताहेत," एवढं म्हटलं तरी काम होतं. हरवलंच तर त्याच्या बदल्यात घरातलं दुसरं द्यावं. रुसवेफुगवे नकोत. आणि चार महिन्यांनी पलीकडच्या सोसायटीशी अख्खी पेटी बदलून घ्या. नव्या खरेदीशिवाय पंचवीस नवी पुस्तकं दारात येतात.

वहीबद्दल एक नाजूक गोष्ट

कुलपाच्या पेटीला वही लागते. तिच्यात पुस्तकाचा क्रमांक, खोलीचा क्रमांक आणि तारीख एवढंच लिहा. पुस्तक परत आलं की ती ओळ चांगली गडद खोडून टाका. का, ते सांगते. एखादी बाई घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेते. एखादी पाळी जाण्याच्या वयातल्या त्रासाबद्दलचं नेते. एखादी दारूचं व्यसन कसं सुटतं यावरचं. ती स्वतःसाठी नेते की बहिणीसाठी, याच्याशी आपल्याला काय करायचंय? पण वही उघडी पडलेली असते आणि तिची पानं कुणीही चाळतं. हळदीकुंकवाला त्याचा विषय व्हायला वेळ लागत नाही. ज्या पुस्तकाची एखादीला सगळ्यांत जास्त गरज असते, नेमकं तेच ती मग नेत नाही. पेटी सांभाळणारीनं पुस्तकं सांभाळावीत, आणि त्याहून जास्त आपलं तोंड सांभाळावं.

उघडी पेटी

गंमत अशी की ज्या २००९ साली नाशिकला पेट्या फिरू लागल्या, त्याच साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या हडसन गावात टॉड बोल नावाच्या गृहस्थांनी घरासमोर एका खांबावर छोटी पेटी बसवली. त्यांची आई शिक्षिका होती, वाचनाची आवड असलेली. तिच्या आठवणीसाठी पेटीला शाळेच्या इमारतीचा आकार दिला. हवं ते न्या, जमेल ते ठेवा. कुलूप नाही, वही नाही. आज तशा दीड लाखाहून अधिक पेट्या जगभर आहेत.

उघड्या पेटीचा पहिला नियम असा, की ज्याचा निरोप घेऊन झाला आहे तेच पुस्तक तिच्यात ठेवावं. लग्नात भेट आलेलं, वडिलांची सही असलेलं, शोधूनही न मिळणारं पुस्तक तिथे ठेवू नये. सासऱ्यांच्या कपाटातलं तर त्यांना विचारल्याशिवाय मुळीच नको. नाहीतर पेटी राहील बाजूला आणि घरात महाभारत!

दुसरा नियम, गोळा झालेली सगळी पुस्तकं एकदम मांडू नका. बारापंधरा पुरेत. बाकीची घरी ठेवा आणि दर आठवड्याला तीनचार घाला. एकदम चाळीस मांडली की चांगली पहिल्याच आठवड्यात जातात आणि मागे राहिलेलीच सगळ्यांच्या डोळ्यांना दिसत राहतात. थोडी थोडी घातली तर येणारी-जाणारी रोज डोकावते.

तिसरा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. आठवड्यातून पंधरा मिनिटं पेटी निवडा, तांदूळ निवडतो तशी. अभ्यासक्रम बदललेली गाइडं, गेल्या वर्षीची पंचांगं, जाहिरातींची पुस्तकं, पानं सुटलेल्या कादंबऱ्या लोक आणून टाकतातच. दोन महिन्यांत जे पुस्तक कुणी हलवलं नाही, तेही काढा. त्याच दिवशी रद्दीत द्या आणि मनाला लावून घेऊ नका. पेट्या चोरीपेक्षा या साठलेल्या कचऱ्यानंच जास्त मरतात.

आता हिशेब. समजा, चार महिन्यांपूर्वी चाळीस पुस्तकं होती आणि आज सतरा उरली. कुलपाच्या पेटीत तेवीस पुस्तकं हरवली असं होतं. उघड्या पेटीत मात्र तेवीस पुस्तकं घराघरांत पोचली असा त्याचा अर्थ. मीटिंगमध्ये नेमकं हेच सांगा. काही परत येतील, काही येणार नाहीत. कुणी रद्दीवाल्याला विकलीही असतील. पण घरच्या माळ्यावर पडून असताना ती एकानंही वाचली नव्हती, हे विसरू नका. अगदीच आटत आली तर सोसायटीच्या पूजेला फळ्यावर लिहा, "वाचून झालेली पुस्तकं घेऊन या." डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीनं तर पुस्तकांच्या आदानप्रदानाचे सोहळे भरवले. आपलं वाचलेलं द्यायचं आणि दुसऱ्याचं न्यायचं. तेच आपल्या अंगणात लहान प्रमाणावर करता येतं. संक्रांतीचं वाण म्हणून प्लास्टिकचा डबा देण्याऐवजी एखादं वाचलेलं, पण धड पुस्तक दिलंत तरी चालेल.

पेटीची देखभाल

मीटिंगमध्ये ठराव करून घेतल्याशिवाय पेटी ठेवू नका. जिना आणि बोळ सगळ्यांचा असतो. वाट अडेल अशी जागा नको, आणि विजेच्या मीटरजवळ तर कागद नकोतच.

आपल्याकडचा पाऊस ठाऊक आहे ना? पेटी जमिनीपासून हातभर उंच हवी आणि भिंतीपासून चार बोटं लांब. भिंतीला टेकली की ओल येते, आणि ओलीमागून वाळवी. पुस्तकांना प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडून बुरशी धरते. दाटीवाटीनं भरू नका, मधून वारा खेळू द्या. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवण्याची जुनी रीत आहे, ती चांगली. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत, लहान मुलांचा हात तिथे पोचतो. गणपतीनंतर ऊन पडू लागलं की पुस्तकं काढून सावलीत वारं द्या. कडक उन्हात पानं पिवळी पडतात.

आणि चौथ्या मजल्यावरच्या आजींना विसरू नका. पंधरवड्यातून एकदा कुणा शाळकरी मुलाच्या हाती पिशवीत तीन पुस्तकं वर पाठवा. अक्षर मोठं असेल अशी.

तुमची पेटी कोणती?

वीस-पंचवीस बिऱ्हाडांची, एकमेकींना नावानं ओळखणारी इमारत असेल तर कुलपाची पेटी शोभते. सातआठ विंगचं संकुल किंवा रस्त्यालगतची जागा असेल तर उघडीच बरी. दोन्ही चालवता आल्या तर उत्तम. खाली उघडी, आणि चांगली पुस्तकं कुणाच्या तरी घरी, कुलपाच्या कपाटात.

ठरवता येत नसेल तर दिवाळी अंकांवर परीक्षा घेऊन बघा. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही आपली घरोघरची चैन. पाच घरांनी प्रत्येकी दोन अंक घ्यावेत आणि भिशीसारखे फिरवावेत. दर पंधरवड्याला दोन अंक पुढच्या घरी जातील. अडीच महिन्यांत, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, दहाही अंक पाचही घरं फिरून होतात, आणि खर्च प्रत्येकीला दोनच अंकांचा.

हे अंक वेळेवर फिरले तर समजा, तुमच्याकडे कुलपाची पेटी चालेल. नाही फिरले तर बिनधास्त उघडी ठेवा, आणि गेलेल्या पुस्तकांची मोजदाद सोडून द्या.