मंत्रचळ आणि आमचे हसणे

परप्रांतात बदलून आलेल्या आम्हा मराठी नोकरदारांच्या बिऱ्हाडांत एक दुखणे शिस्तीचे सोंग घेऊन नांदत असते. वैद्यकात त्याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर म्हणतात; मराठीत मंत्रचळ हा शब्द केव्हाचाच रूढ आहे. शब्द आहे, कणव मात्र नाही. सोवळ्यातल्या आजीवर आम्ही पिढ्यान् पिढ्या हसत आलो आणि आज तेच हसणे घरातल्या कोवळ्या पोराच्या वाट्याला येत आहे. आमचा आक्षेप या हसण्याला आहे.

एस्प्लनेडच्या मेट्रो स्थानकावरून शिकवणीला जाणारा पंधरा वर्षांचा एक मुलगा आमच्या माहितीत आहे. जिन्याच्या पायऱ्या मोजताना चूक झाली की तो खाली उतरून पुन्हा चढतो. धुऊन धुऊन त्याच्या हातांची सालपटे निघाली आहेत. सातव्या वर्षी त्याच्या डोळ्यांदेखत वडील अपघातात गेले. त्यांच्या पश्चात आई कचेरीत लागली. मोजणी चुकली तर आईही परत यायची नाही, ही धास्ती त्याला सोडत नाही. ती निराधार आहे हे त्याला कळते; तरीही पाऊल मागे वळते. आप्तांचा सल्ला काय, तर दोन थपडा द्या! भीतीने पोळलेल्या पोराला आणखी एक भीती घालणे, याला का उपचार म्हणायचे?

प्रत्येक मंत्रचळामागे बालपणीचा आघात असतोच असे नव्हे. आनुवंशिकता आणि मेंदूचे व्यापारही त्याला कारण होतात. आघाताने मात्र धोका वाढतो. ‘वय वाढले की जाईल’ हा युक्तिवाद तर सर्वस्वी फसवा आहे. हा आजार पुष्कळदा याच वयात डोके वर काढतो आणि उपचारावाचून वर्षानुवर्षे ठाण मांडतो. ‘काही होणार नाही’ अशी दिवसातून पन्नासदा समजूत घालणारी माउलीही नकळत त्याला खतपाणी घालते. कारण दिलासा क्षणभर टिकतो आणि शंका पुन्हा उभी राहते.

१९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी निराळी वाट दाखवली : भीतीला सामोरे जायचे आणि धुण्यामोजण्याचा विधी टाळायचा. पुढे हीच पद्धत शास्त्रशुद्ध झाली. जाणत्याच्या देखरेखीखाली ती पायरीपायरीने करतात; गरजेप्रमाणे औषधेही देतात. आणि आम्ही राहतो त्या कलकत्त्यात तर गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली होती. अशा शहरात राहून मानसोपचारतज्ज्ञाचा दरवाजा ठोठावताना आम्ही इकडेतिकडे पाहतो!

लोक काय म्हणतील, पुढे लग्न कसे जमेल, ही आमची चिंता. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. भाषेची सबबही उरली नाही. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. कचेरीत एक कागद अडला तर दहा टेबले पालथी घालणारे आम्ही. पोटच्या पोरासाठी एक दूरध्वनी करायला कचरतो.

आमच्या मंडळांनी गणेशोत्सवातील नाट्यगीतांची एक संध्याकाळ या विषयाला द्यावी, एवढीच मागणी आहे. तोवर घराघरांत निदान हसणे तरी थांबावे. पायऱ्या मोजणारे मूल आमची करमणूक करीत नाही; ते मुकाट्याने मदत मागत असते.