छावणीतले बिऱ्हाड
मुखपृष्ठासाठी परमवीरचक्राचा फोटो भिंगाखाली धरला. जांभळी फीत, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचे कांस्यपदक, त्यावर इंद्राची चार वज्रे. हे रेखाटले सावित्रीबाई खानोलकरांनी. सावित्रीबाई म्हणजे मूळची ईव्ह, १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली. १९३२ मध्ये लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न केले, मराठी-संस्कृत शिकली, दोन मुली वाढवल्या. छावणीतल्या बायकांना एरवी ‘साहेबांच्या मिसेस’ एवढीच ओळख मिळते. हिची खूण मात्र वीरांच्या छातीवर, तीही बिननावाची! १९५२ मध्ये पती गेले. पुढे ती रामकृष्ण मठाकडे वळली, १९९० मध्ये गेली. पहिले परमवीरचक्र मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. ते थोरल्या लेकीच्या सासरचे, म्हणजे घरातलेच.