गोवर गेला कुठे?

द्राक्षाच्या गोडी छाटणीला दिंडोरी तालुका माणसांनी भरतो. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं मोहाडी, जानोरी, खेडगावच्या बागांवर उतरतात आणि त्यांच्या कडेवर पोरं असतात. त्या पोरांसाठी हे लिहितो आहे.

गोवर निघाला की उशाला कडुनिंबाचा पाला येतो. पुरळ मावळतं, काळसर डागही पुसले जातात. गोवर गेला, असं आपण म्हणतो, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरं असतं. मोजक्यांच्या मेंदूत मात्र विषाणू राहून जातो. तिथे त्याचं एक प्रथिन बिघडतं, त्यामुळे पेशीबाहेर पडण्याजोगा पुरा विषाणू तयार होत नाही. त्याचं हे अधूपणच त्याला लपवतं. प्रतिपिंडं बाहेर शोधत राहतात; हा एका चेतापेशीतून थेट शेजारच्या पेशीत सरकतो.

बहुधा सहा ते दहा वर्षं काहीच कळत नाही. मग घडाघडा पाढे म्हणणारा मुलगा अडखळू लागतो. लिहिताना हाताला झटका बसतो, पेन्सिल पडते. उचलतो, काही सेकंदांत पुन्हा तसाच झटका. घरचे रागावतात, मग देवऋषी गाठतात. या आजाराचं नाव एसएसपीई. मणक्यातलं पाणी तपासलं तर गोवराची प्रतिपिंडं भरमसाट सापडतात. औषधांनी काहींचा आजार मंदावतो, पण मुळातून बरा करणारा उपाय आजही नाही.

२०२२च्या अखेरीस मुंबईसोबत आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात गोवराची साथ आली. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना एसएसपीईचा धोका सर्वांत जास्त. त्या साथीतल्या तान्ह्यांची ती सहा ते दहा वर्षं अजून सरायची आहेत.

लस या आजारापासून वाचवते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. नऊ महिन्यांहून लहान बाळाची राखण भोवतालची लस घेतलेली मुलं करतात. बागेवरच्या पोराचा दुसरा डोस नेमका इथे चुकतो: नाव पेठच्या आशाताईंच्या यादीत, कार्ड गावच्या पेटीत, मूल दिंडोरीत. रोज बुडवून आईने उपकेंद्र गाठावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. छाटणीच्या दिवसांत लसीकरणाचं सत्र संध्याकाळी बागेच्या शेडवर भरवा. बागायतदारांनी मुकादमाकडून मुलांची नावं घेऊन उपकेंद्राला आधीच कळवावीत. आणि कार्ड नाही म्हणून एकाही आईला माघारी पाठवू नका.