तळपायाकडेही लक्ष हवे

मेलॅनोमा हा त्वचेच्या कर्करोगांत संख्येने कमी, पण शरीरात लवकर पसरणारा आणि म्हणून अधिक जीवघेणा प्रकार. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन ज्या पेशी तयार करतात, त्यांच्यातच तो सुरू होतो. उन्हातील अतिनील किरण हे त्याचे मुख्य कारण. प्रखर ऊन आणि गोऱ्या कातडीची वस्ती एकत्र आलेल्या ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये त्याचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. अंगभर शर्ट, सनस्क्रीन आणि टोपीची सवय लावणारी ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ मोहीम ऑस्ट्रेलियात १९८१ मध्ये सुरू झाली, ती याच कारणाने.

सावळ्या त्वचेतले मेलॅनिन हे किरण बरेचसे अडवते. त्यामुळे भारतीय वंशाच्या लोकांत हा आजार कमी आढळतो. होतच नाही असे नाही. तळपाय, तळहात आणि नखांखाली होणाऱ्या मेलॅनोमाचा उन्हाशी फारसा संबंध नसतो आणि सावळ्या लोकांत त्याचाच वाटा मोठा असतो. गायक बॉब मार्ले यांना तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला. १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी ते वारले.

तीळ दोन्ही बाजूंनी सारखा नसणे, कड वेडीवाकडी असणे, एकाच डागात अनेक रंग दिसणे, आकार ६ मिलिमीटरहून मोठा असणे आणि मुख्य म्हणजे तो बदलत जाणे, ही धोक्याची लक्षणे. नखाखाली साकळलेले रक्त नखाच्या वाढीबरोबर पुढे सरकते. एकाच नखावरची काळी रेघ जागच्या जागी रुंदावत असेल, तर डॉक्टरांना दाखवावी.

निदान बायोप्सीने होते आणि पुढचे बरेचसे गाठीच्या जाडीवर ठरते. जाडी १ मिलिमीटरपर्यंत असेल, तर भोवतालच्या सुमारे १ सेंटिमीटर निरोगी त्वचेसह ती कापून काढणे बहुधा पुरते. जाडी अधिक असल्यास जवळची लसिका ग्रंथीही तपासतात. पसरलेल्या आजारावर पूर्वी केमोथेरपीचा फारसा उपयोग होत नसे. २०११ नंतर प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करणारी औषधे आली. त्यामागील संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. ‘बीआरएएफ’ जनुकात बिघाड असल्यास त्यावर नेमका घाव घालणाऱ्या गोळ्याही आहेत.

तळपायाच्या मेलॅनोमात मात्र हा बिघाड कमी वेळा सापडतो आणि नव्या औषधांना प्रतिसादही तुलनेने कमी मिळतो. म्हणूनच आंघोळीनंतर पाय पुसताना तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहून घेण्याची सवय मोलाची ठरते.